नळाजवळचा वाफा

नलूने गुणाजींना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते चिखलात काठ्या रोवत होते आणि प्रत्येक काठीच्या टोकाला कापडाची एकेक चिंधी बांधत होते. छप्पन्न सालचा पावसाळा होता. नलूला महापालिकेच्या शाळेत नोकरी लागली होती आणि आईला घेऊन ती लालबागच्या या चाळीत दुसऱ्या मजल्यावर नुकतीच राहायला आली होती. सकाळी गॅलरीत केस विंचरताना तिची नजर खाली गेली. दोन चाळींच्या मध्ये, सार्वजनिक नळाच्या पलीकडे, भिंतीला लागून जमिनीची एक अरुंद पट्टी होती. तिथे पन्नाशीला टेकलेला एक सडपातळ माणूस धोतर गुडघ्यांवर खोचून उभा होता. तो मागे सरकायचा, डोळे बारीक करायचा, पुन्हा पुढे येऊन लाल चिंधीची काठी उपटायचा आणि वीतभर डावीकडे रोवायचा.

दिवस मोर्च्यांचे होते. काठीला कापड बांधलेले दिसले की तो झेंडाच असणार असे कुणालाही वाटले असते. पण एवढ्याशा चिंधीचा झेंडा कसला, आणि त्यातला जांभळा कोणत्या पक्षाचा?

"करणीबिरणी असेल," आई आतून म्हणाली. "बघू नकोस तू तिकडे."

नळावर हंडा लावून बसलेली एक बाई मात्र ओरडली, "भोंगो झालो तरी ह्यांची पताका लावून होयना! अहो, गिरणीत जातलास की हयच नाचतलास?"

त्या माणसाने तिच्याकडे लक्ष दिले नाही. त्याने वर पाहिले. "ओ बाई! हो, तुम्हीच. वरून कसं दिसतंय?"

"काय कसं दिसतंय?"

"रंग. लाल कुठे आहे आणि निळा कुठे आहे?"

नलूने फणी हातात तशीच धरून खाली नीट पाहिले. "लाल जवळ वाटतोय. निळा लांब, भिंतीच्याही मागे गेल्यासारखा."

"बघ!" तो माणूस हंड्यापाशी बसलेल्या बाईला म्हणाला. "शिकलेलं माणूस आहे. निळा भिंतीच्या मागे गेला म्हणतात."

"जाऊ दे. तुम्हीपण जावा त्याच्या मागसून," ती बाई म्हणाली आणि हंडा कमरेवर घेऊन निघून गेली. ती त्यांची बायको, सुंदराबाई.

गुणाजी मूळचे मालवणकडचे. पोरवयात मुंबईला आले आणि एका गिरणीच्या रंगखात्यात लागले. उकळत्या टाक्यांपाशी कित्येक वर्षे वाफ खाल्ल्यावर त्यांना उत्तरेच्या खिडकीतली जागा मिळाली. ही खिडकी म्हणजे काय, ते नलूला चाळीतल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या वेळी सांगितले, इतका त्या खिडकीचा मान होता. उन्हात रंग फसवतो, दिव्याखाली जास्तच फसवतो. उत्तरेकडून येणारा उजेड मात्र दिवसभर एकसारखा असतो. म्हणून रंगखात्यात त्या बाजूला एक मोठी खिडकी आणि खिडकीपाशी एक स्टूल होते. टाकीतून काढलेला कापडाचा तुकडा वाळवून तिथे आणायचा आणि गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशेजारी ठेवायचा. स्टुलावरच्या माणसाने पाहायचे आणि म्हणायचे, "बरोबर" किंवा "लाल चढलाय, उतरवा." तो बरोबर म्हणाला की सगळा लॉट टाकीत जायचा. चुकला तर सगळा लॉट वाया. त्या स्टुलावर गुणाजी बसत. गावाकडे दोन भावांत वाटलेले घर आणि मुंबईत तळमजल्यावरची ही एक खोली; याखेरीज त्यांच्याकडे स्वतःचे म्हणावे असे ते स्टूलच होते.

नळावरून सांडलेले पाणी त्या पट्टीत मुरायचे आणि पूर्वी तिथे नुसते गवत व डास असायचे. गुणाजींनी ती साफ करून वाफा केला. झाडे लावण्याआधी गिरणीतून मिळालेल्या चिंध्या काठ्यांना बांधून ते आख्खी बाग कापडाची उभी करत. फुले यायला दोन महिने लागणार, तोवर चूक कळायची नाही. चिंधी लगेच सांगते. पण गंमत अशी की हा वाफा खालून नीट दिसत नसे. तो दिसायचा वरच्या गॅलऱ्यांतून, आणि गुणाजी राहायचे तळमजल्यावर. दर वेळी जिना चढून जायचे म्हणजे कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागे. त्यामुळे त्या दिवसापासून नलू त्यांची वरची नजर झाली. रविवारी सकाळी खालून हाक यायची, "बाई, कसं दिसतंय?" आणि नलू जे दिसेल ते सांगायची.

"खोटं सांगू नका हां," त्यांनी तिला पहिल्यांदाच बजावले होते. "छान आहे, छान आहे म्हणणारे चाळीत पुष्कळ आहेत. मला काय दिसतं ते सांगणारं माणूस हवंय."

वाफ्याच्या काठावर बसून ते तिला रंगांचे शास्त्र सांगत. ते त्यांना बुधाजी नावाच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने टाकीपाशी शिकवले होते. मूळ रंग तीन. त्यांच्या मिश्रणातून बाकीचे. सगळे वर्तुळात मांडले तर प्रत्येकाला दोन शेजारी असतात आणि एक समोरचा असतो.

"शेजाऱ्यांचं जमतं," गुणाजी म्हणाले. "पिवळा, नारिंगी, लाल असे ओळीनं लावा, कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही. पण बघणारा पुढं निघून जाईल. त्याला थांबवायचं असेल तर समोरचा आणावा लागतो. जांभळ्या कोरांटीजवळ एक पिवळी कर्दळ. एकच. दोन लावल्या की मारामारी."

"म्हणजे आपल्या दोन चाळींसारखं," नलू म्हणाली. समोरच्या चाळीशी नळावरून रोजचे भांडण होते.

"अगदी तसंच! आणि बुधाजी काय म्हणायचे? लाल आणि हिरवा एका टाकीत पडले की चिखल. तेच शेजारी शेजारी ठेवा, दोघंही पेटतात. फुलझाडाला देवानं आधीच हिरवी पानं देऊन ठेवलीयेत, म्हणून लाल फूल एवढं ओरडतं. लाल लावताना हात आखडता घ्यायचा तो यासाठी. आणि पांढरा त्याहून जपून. पांढरा सगळ्यांच्या आधी डोळा ओढतो."

यात चाळीच्या देवांचा मोठा अडथळा होता. पहाटे नळावर पाणी भरायला येणारी प्रत्येक बाई जाता जाता देवासाठी फुले तोडायची. हा चाळीचा रिवाज होता आणि त्याला कुणी चोरी म्हणत नसे. जास्वंद गणपतीला, तगर सगळ्यांना. उजाडेपर्यंत वाफ्यातला लाल आणि पांढरा संपलेला असायचा आणि गुणाजींचा हिशेबच बिघडायचा. एक वर्ष ते चिडचिड करत राहिले. मग त्यांनी नळाकडच्या टोकाला जास्वंद आणि तगर देवांसाठी वेगळी लावली आणि वाफ्यात देवांना न लागणारी झाडे आणली: कर्दळ, सदाफुली, तेरडा, चिनी गुलाब, कोरांटी, ठिपक्यांचा क्रोटन. भिंतीवर मात्र गोकर्ण चढवली, कारण दूर जाणारा निळा त्यांना दुसऱ्या कशात मिळेना.

"गोकर्ण शंकराला जाते ना?" नलूने विचारले.

"फक्त सोमवारी. सोमवारी मी वर बघायला सांगत नाही."

रंगखात्यात त्यांच्या हाताखाली आनंदा नावाचा तरुण होता. तो त्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. संयुक्त महाराष्ट्र समितीचे काम तो इतक्या जोरात करी की त्याचा घसा कायम बसलेला असे. एकदा तो वाफ्यापाशी येऊन म्हणाला, "काका, मोर्चा इथूनच जाणार. झेंडूनं लिहू या ना भिंतीखाली, झालाच पाहिजे!"

"लिही. आठ दिवसांत झेंडू फुगला की तुझा झालाच कुठे आणि पाहिजे कुठे, मोर्चेवाल्यांना शोधत बसावं लागेल."

"तुम्हाला चळवळीचं काही नाही काका."

"मी येतो की मोर्च्याला. मागं असतो म्हणून तुला दिसत नाही. पण बागेला घोषणा द्यायला लावू नकोस. ती बिचारी एकदाच बोलते, तेही हळू."

ते खरेच मोर्च्यांना जात. दुसऱ्या दिवशी रविवार असला तर पायांना तेल चोळत वाफ्यापाशी बसत. राज्य द्विभाषिक झाले, निवडणुका झाल्या, समितीचे लोक निवडून आले, चाळीत पेढे वाटले गेले. वाफ्यात दर मोसमाला काठ्या उभ्या राहत आणि चिंध्यांची जागा फुले घेत. नलूला आता सांगावे लागत नसे. शाळेतून येताना कुणाच्या लुगड्यावरचा काठ पाहूनही तिच्या मनात यायचे, हा समोरचा रंग आहे.

एकोणसाठच्या पावसाळ्यात वाफा बिघडू लागला.

पहिल्यांदा नलूला वाटले की काकांनी काही नवीन योजले असावे. भिंतीवर गोकर्णीचे वेल दुप्पट झाले होते. त्यांच्या पायथ्याशी जांभळी कोरांटी दाटीने लावलेली, आणि तिच्या पुढे पुन्हा निळीच गोकर्ण, काठीवर चढवलेली. सगळा वाफा काळवंडल्यासारखा दिसायचा. दूर जाणारा निळा आता सगळ्यांच्या पुढे येऊन उभा होता. दिवाळीच्या सुमारास शेवंती आली, तर ज्या जागी ते नेहमी पांढरी शेवंती लावत तिथे पिवळट होती.

"बाई, कसं दिसतंय?" खालून हाक आली.

"काका, निळा जरा जास्त नाही झाला?"

"निळा?" गुणाजी हसले. "कुठाय निळा? यंदा गोकर्णीला दमच नाही. बी फसवं निघालं. किती लावली तरी राखेसारखी दिसते."

"आणि पांढऱ्याच्या जागी पिवळी शेवंती कशी?"

ते थबकले. शेवंतीजवळ वाकून त्यांनी एक फूल हातात घेतले, तळव्यावर ठेवून फिरवले. "ही पांढरीच आहे," ते म्हणाले. मग आवाज थोडा चढवून, "पांढरीच आहे, बाई. वरून ऊन पडतं म्हणून तसं दिसतं तुम्हाला."

वरून ऊन पडत नव्हते. आभाळ भरलेले होते.

त्याच दिवसांत चाळीत दुसरी एक गंमत चालू होती. गुणाजींचे धोतर निळे झाले होते. पांढऱ्या कपड्यांना खळ करताना घालतात ती नीळ जरा जास्त पडली तर कुणाच्याही धोतरावर छटा येते, पण हे धोतर चक्क आभाळासारखे होते. पोरे मागून "कृष्ण आला" म्हणत. नळावर बायका तोंडाला पदर लावत. शेवटी नलूच्या आईने सुंदराबाईंना विचारले.

"मी काय करू गे बाय!" सुंदराबाई म्हणाल्या. "रोज माझ्या जिवाक खाततत. धोतर पिवळा धुवलंस, धोतर पिवळा धुवलंस. मी घालतंय आणखी नीळ. तरी पिवळाच! आता ह्यांका पांढरा म्हणजे काय दाखवू? बगळो आणून उभो करू?"

आई खूप हसली आणि वर येऊन तिने ते नलूला साभिनय सांगितले. नलूही हसली. पण तिच्या मनात ते कुठेतरी अडकून राहिले.

दिवाळीचा आकाशकंदील करायला ती गॅलरीत बसली होती. बांबूच्या कामट्या बांधून झाल्या होत्या आणि ती पिवळा जिलेटीनचा कागद मापाने कापत होती. कागद फाटला तर नाही ना हे पाहण्यासाठी तिने तो उजेडाकडे धरला, आणि कागदातून तिला खालचा वाफा दिसला.

वाफा सुरेख होता. भिंतीवरची गोकर्ण मवाळ, दूरची, जेवढी हवी तेवढीच. पांढऱ्याच्या जागची पिवळट शेवंती पांढरीच वाटावी अशी. लाल कर्दळ तिच्या जागी नेमकी. तीन वर्षांपूर्वी काकांनी जशी बाग लावली होती, अगदी तशीच.

तिने कागद बाजूला केला. पुन्हा तोच काळवंडलेला, निळाजांभळा दंगा. कागद डोळ्यांपुढे धरला, बाग. खाली दोरीवर गुणाजींचे धोतर वाळत होते. कागदातून ते स्वच्छ पांढरे दिसले.

नलू कामट्या तशाच टाकून उठली. गुणाजी असा एक कागद डोळ्यांत घेऊनच फिरत होते, आणि तेच डोळे घेऊन रोज उत्तरेच्या खिडकीत बसत होते.

ती आधी आनंदाकडे गेली. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले आणि दाराची कडी लावली.

"ताई, हळू बोला. मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"गणपतीपासून. निळा म्हटला की काका चढवायलाच सांगतात. आणखी निळा घाला, आणखी घाला. आम्ही 'हो काका' म्हणतो आणि नमुन्याबरहुकूमच रंगवतो. काकांना दाखवायचा तुकडा वेगळा, टाकीत जाणारा वेगळा. सगळं खातं सामील आहे."

"असं किती दिवस चालणार?"

"दिवाळी झाली की आस्मानी साड्यांचा मोठा लॉट आहे. त्या वेळी डाईंग मास्तर स्वतः खिडकीत येऊन उभे राहतात. त्यांच्यासमोर दुसरा तुकडा कुठून आणू?" आनंदाचा बसका आवाज आणखी बसला. "काकांना त्या स्टुलावरून चारचौघांत उतरवलेलं मला बघवणार नाही, ताई. त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय."

"मग त्यांना सांगायला हवं."

"तुम्ही सांगा. मला ते टाकीत बुडवतील."

नलूने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगितले. वाफ्याच्या काठावर बसून, शक्य तितक्या सरळ शब्दांत. गुणाजी ऐकत असताना बोटांनी मातीची ढेकळे फोडत होते. त्यांची नखे कायमची निळसर होती. ती त्यांना आता कशी दिसत असतील, असे नलूच्या मनात आले.

"झालं सांगून?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही पोरांना बाराखडी शिकवा. तिथं मी येऊन सांगत नाही क कसा काढायचा."

"तुम्हीच म्हणाला होतात, खोटं सांगू नका."

"म्हणून काहीही सांगाल?" ते उठले. "मला दूरचं दिसतं, जवळचं दिसतं. सुईत दोरा ओवतो मी. डोळे गेलेला माणूस सुईत दोरा ओवतो का?"

"डोळे गेले म्हणत नाही मी. फक्त त्यांच्यावर रंग चढलाय."

तिने जिलेटीनचा कागद पुढे केला. "यातून बघा. मला यातून बघितलं की सगळा वाफा बदललेला दिसतो. तुम्हाला किती बदललेला दिसतो ते सांगा. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

ते घेणारच नव्हते. पण आयुष्यभर दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिलेल्या माणसाला पडताळून पाहण्याचे आव्हान सोडवत नाही. त्यांनी कागद घेतला. डोळ्यांपुढे धरला. बाजूला केला. पुन्हा धरला. वाफ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, गोकर्णीजवळ थांबले, कागद लावला, काढला. उत्तरेकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे उजेड फुलांवर सरळ पडावा. सुंदराबाई हंडा घेऊन आल्या होत्या, त्या नळ बंद करून उभ्या राहिल्या.

शेवटी गुणाजींनी कागद खाली घेतला.

"सारखंच आहे," गुणाजी म्हणाले. "लावला काय, काढला काय."

त्यांनी कागदाची नीट घडी केली, जशी ते नमुन्याच्या तुकड्याची करत, आणि नलूच्या हातात दिली. मग खाली पाहून त्यांनी स्वतःचे धोतर चिमटीत धरले.

"हे कसल्या रंगाचं आहे गो?"

सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. "निळा," त्या म्हणाल्या. "मोरासारख्या झालाहा."

"आणि तू नेसू दिलंस?"

"तुम्हीच तर बोंबलत होतास पिवळा म्हणून!"

गुणाजी हसले नाहीत. घरात गेले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

गिरणीत पुढे काय घडले ते आनंदाने नलूला सांगितले. सांगताना तो मध्येच थांबत होता आणि गॅलरीच्या कठड्याला धरत होता.

"सोमवारी काका आले, स्टुलावर बसले नाहीत. स्टूल पुसलं आणि बाजूला उभे राहिले. मला म्हणाले, 'बस.' मी म्हटलं, 'काका, मस्करी करू नका.' म्हणाले, 'बस रे.' तेवढ्यात मास्तर आले. आस्मानीचा पहिला तुकडा आला. मास्तर काकांकडे बघतात, काका माझ्याकडे. मास्तर म्हणाले, 'हे काय चाललंय?' तर काका म्हणतात, 'साहेब, माझ्या डोळ्यांना निळा खोटा दिसायला लागलाय. हा बघेल.' मास्तर भडकले. 'कोण म्हणतं असं?' काका म्हणाले, 'मीच म्हणतो. मीच तपासलं.' ताई, त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही आणि आमचंही. आम्ही इतके दिवस दोन तुकडे करत होतो ते त्यांना एव्हाना कळलं होतं. पण अवाक्षर काढलं नाही."

"मग?"

"मग मी बसलो. तुकडा बघितला, काही सुचेना. काका मागून म्हणाले, 'घाई नको. नमुना डावीकडे ठेव. आता बघ.' मी म्हटलं, 'निळा किंचित कमी.' काका म्हणाले, 'मला विचारू नकोस, मास्तरांना सांग.'" आनंदाने डोळे पुसले. "आणि बाहेर आल्यावर मला अशी शिवी दिली ताई, तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणाले, माझ्यामागे रंग बदलत होतास काय रे!"

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. उजवा पिकलेला, डावा कच्चा. थंडीत उजव्याचे ऑपरेशन झाले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना निजवून ठेवले होते, मान हलवायची बंदी होती. वडाळ्याला दिलेली त्यांची मुलगी कांता डबा घेऊन यायची. नलू भेटायला गेली तेव्हा पट्टी बांधलेल्या गुणाजींनी पायांच्या आवाजावरून तिला ओळखले.

"गोकर्ण काढून टाकलीत?"

"नाही. तुम्ही येऊन काढा."

"किती आहे हो? खरं सांगा."

"खूप आहे, काका."

"आणि तुम्ही रोज ती बघत होतात," ते म्हणाले आणि पट्टीखाली त्यांचे तोंड कसेनुसे झाले, हसू की आणखी काही ते नलूला कळले नाही.

मार्चमध्ये चष्मा आला, जाड, बाटलीच्या बुडासारखा. तो लावून ते वाफ्यापाशी गेले तेव्हा चाळीतले सगळे कठड्याशी गोळा झाले होते. गोकर्णीला तेव्हा थोडीच फुले होती. गुणाजी ती पाहतच राहिले. ओरडतोय, एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले, डावा झाकून उजव्याने पाहिले.

"परत बसणार ना काका खिडकीत?" आनंदाने विचारले. विचारताना तो मनापासून विचारत होता.

"नाही रे. एक डोळा म्हणतो निळा, दुसरा म्हणतो राख. दोन्ही उघडले की दोघांची दोन मतं. स्टुलावरच्या माणसाला एकच मत लागतं."

त्यांना घडी खात्यात काम मिळाले. कापडाच्या घड्या मोजून रचायच्या. पगार कमी झाला, खिडकीचा मान गेला. जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यातली माणसे अजूनही तुकडा घेऊन त्यांच्याकडे यायची, तर ते तुकड्याकडे न पाहता म्हणायचे, "खिडकीत जा."

एप्रिलमध्ये, महाराष्ट्राचे राज्य होणार हे ठरल्यावर, चाळ समितीचे लोक वाफ्यासाठी आले. एक मेला सगळी चाळ सजणार होती. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत फुलणारी झाडे मोजकीच: चिनी गुलाब, सदाफुली, कर्दळ, भिंतीवर गोकर्ण. गुणाजींनी काठ्या आणि चिंध्या काढल्या. या वेळी वेगळे एवढेच झाले की निळ्या आणि पांढऱ्या चिंध्यांच्या काठ्या त्यांनी नलूच्या हातात दिल्या.

"या दोन तुमच्या. कुठे लावायच्या ते मी सांगणार. बरोबर दिसतात की नाही ते तुम्ही सांगायचं."

"आणि आपलं पटलं नाही तर?"

"तर तुमचं खरं."

पटले नाहीच. पांढरी सदाफुली कडेला लावायची की मध्ये यावरून दोघांची दोन दिवस हुज्जत चालली. नलू वरून ओरडायची, गुणाजी खालून. सुंदराबाई नळावरून दोघांनाही बोलत होत्या. शेवटी पांढरी सदाफुली भगव्या चिनी गुलाबांच्या आणि लाल कर्दळीच्या मध्ये एक बारीक रेघ म्हणून आली, आणि भिंतीवर गोकर्ण अगदी थोडी, दूर गेल्यासारखी. एक मेच्या सकाळी चाळीला तोरणे होती, सनई लागली होती आणि लोक गॅलऱ्यांतून खाली पाहत होते. समोरच्या चाळीतले एक गृहस्थ नळाचे भांडण विसरून म्हणाले, "काय हो, रोजच्यापेक्षा जागा मोठी कशी दिसतेय?" नलूला कारण माहीत होते. तिने गुणाजींकडे पाहिले. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर, नवे पांढरे धोतर नेसून, पेढा खात बसले होते, आणि उत्तर द्यायच्या तयारीत दिसत नव्हते.

पुढे काही वर्षे वाफा दोघांनी मिळून चालवला. मग नलूचे लग्न झाले, ती दादरला गेली, आणि गुणाजी घडी खात्यातून निवृत्त झाले.

सध्या ते सुंदराबाईंसह वडाळ्याला कांताकडे राहतात. डाव्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले आहे. खोलीला गॅलरी नाही. खिडकीत एक कुंडी आहे, तिच्यात पानओवा लावला आहे, आणि कांता त्याच्या पानांची भजी करते.